कॅरॅव्हॅनमधला फ्रिज गार का होत नाही

मोटारीच्या मागे जोडून ओढून नेता येणारे, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा स्नानगृहाचीही सोय असलेले चाकांवरचे घर म्हणजे कॅरॅव्हॅन. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत सुट्टीचे आठवडे अशा घरात काढण्याची रीत जुनी आहे, आणि त्या घरातली जी वस्तू मालकाला हमखास कोड्यात टाकते ती म्हणजे फ्रिज. दिवा लागलेला असतो, गॅसची ज्योत पेटलेली असते, मागची नळी हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते, आणि तरीही आत ठेवलेले दूध दुसऱ्या दिवशी नासते. अशा वेळी फ्रिज कायमचा गेला असे समजून त्याचा मागचा सगळा संच, किंवा आख्खा फ्रिजच, बदलण्याचा खर्चिक निर्णय घेतला जातो. वास्तविक बिघाड पुष्कळदा फ्रिजच्या बंदिस्त नळ्यांमध्ये नसतो, तर त्या नळ्यांना उष्णता पुरवणाऱ्या, ती उष्णता बाहेर काढणाऱ्या किंवा त्यांना सपाट धरून ठेवणाऱ्या व्यवस्थेत असतो, आणि तो साध्या उपकरणांनी, ठरावीक क्रमाने शोधता येतो.

हा क्रम समजण्यासाठी आधी हे ध्यानात घ्यावे लागते की कॅरॅव्हॅनमधला पारंपरिक फ्रिज हे घरातल्या फ्रिजचे लहान भावंड नव्हे. घरातल्या फ्रिजमध्ये विजेवर फिरणारा कॉम्प्रेसर असतो, तो शीतक वायूला दाबतो, आणि त्या दाबाच्या चढउतारावर सगळे काम चालते. कॅरॅव्हॅनमधल्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, मोटर नसते, फिरणारा वा घासला जाणारा एकही भाग नसतो; तो केवळ उष्णतेवर चालतो. या पद्धतीला शोषण-प्रशीतन म्हणतात, कारण तिच्यात अमोनिया वायू पाण्यात शोषला जाणे आणि पुन्हा त्यातून बाहेर पडणे या दोन क्रिया कॉम्प्रेसरची जागा घेतात. हॉटेलच्या खोलीत रात्रभर जराही आवाज न करणारा जो छोटा फ्रिज असतो, तो अनेकदा याच जातीचा असतो, त्यामुळे कॅरॅव्हॅन कधी न पाहिलेल्या वाचकानेही हे यंत्र नकळत वापरलेले असण्याचा संभव आहे.

अमोनिया आणि पाणी यांच्या साह्याने बर्फ करण्याचे यंत्र फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे यांनी १८५९ च्या सुमारास सिद्ध केले होते, परंतु त्याला द्रव फिरवण्यासाठी पंपाची गरज होती. ही गरज १९२२ साली स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या दोन विद्यार्थ्यांनी दूर केली. अमोनिया आणि पाणी यांच्या जोडीला त्यांनी तिसरा घटक म्हणून हायड्रोजन वायू घातला आणि पंपाशिवाय, झडपांशिवाय, नुसत्या उष्णतेने आणि गुरुत्वाकर्षणाने चालणारे बंदिस्त चक्र तयार केले. १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने असे फ्रिज तयार करण्यास सुरुवात केली. वीज न पोहोचलेल्या घरांत ते रॉकेल आणि गॅस यांवर चालत, आणि पुढे जिथे वीज कधी असते, कधी नसते अशा चाकांवरच्या घरांत त्यांनी कायमची जागा मिळवली.

या चक्राचा प्रवास फ्रिजच्या मागच्या बाजूला, तळाशी असलेल्या बॉयलरपासून सुरू होतो. बॉयलर म्हणजे अमोनिया विरघळलेले पाणी जिथे तापवले जाते ती उभी नळी. त्या नळीत अमोनिया बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि दूध उतू जाताना जसे बुडबुडे दुधाला वर उचलतात तसे हे बुडबुडे अरुंद नळीतल्या पाण्याला उंचावर नेऊन सोडतात. पंपाची गरज संपते ती इथे. वर गेलेला अमोनिया पाण्याच्या वाफेपासून वेगळा होऊन सर्वांत वरच्या पंखेदार नळीत, म्हणजे संघनकात, शिरतो, आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रवरूप होतो. हा द्रव उताराने फ्रिजच्या आतल्या बाष्पकाकडे वाहतो. बाष्पक म्हणजे जिथे द्रवाची पुन्हा वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ती फ्रिजच्या आतून खेचून घेते तो भाग. थंडावा निर्माण होतो तो नेमका इथे. संपूर्ण बंदिस्त संचातला दाब वीस-पंचवीस वातावरणांइतका असतो आणि एवढ्या दाबाखाली अमोनियाने थंडीत बाष्पीभूत होऊ नये, असा सामान्य नियम आहे. परंतु बाष्पकात हायड्रोजन हजर असल्यामुळे एकूण दाबाचा बराचसा भार तो उचलतो, अमोनियाच्या वाट्याचा दाब उतरतो आणि शून्याखालच्या तपमानातही त्याची वाफ होऊ लागते. अमोनियायुक्त हायड्रोजन नुसत्या हायड्रोजनपेक्षा जड असल्याने खाली उतरतो आणि शोषकात, म्हणजे नागमोडी नळ्यांच्या वेटोळ्यात, पोहोचतो. तिथे वरून झिरपत येणारे कमी अमोनियाचे पाणी अमोनियाला शोषून घेते, हलका झालेला हायड्रोजन पुन्हा बाष्पकाकडे वर जातो, आणि अमोनियाने भारलेले पाणी बॉयलरकडे परतते.

एवढे वर्णन देण्याचे कारण असे, की बिघाड शोधण्याची दिशा याच वर्णनातून निघते. बॉयलरला पुरेशी उष्णता मिळत आहे का, संघनकाची आणि शोषकाची उष्णता बाहेर टाकली जात आहे का, आणि द्रव ज्या मंद उतारावरून वाहायचा तो उतार शाबूत आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच बंदिस्त नळ्यांवर संशय घेण्याला आधार आहे. दुरुस्तीच्या प्रत्यक्ष व्यवहारात मात्र हा क्रम अनेकदा उलटा केला जातो: जो भाग उघडून पाहता येत नाही त्यालाच सर्वांत आधी दोष दिला जातो.

कोणत्याही तपासाआधी फ्रिज खरोखर गार होत नाही, की तो गार होण्याची वाट पुरेशी पाहिली गेली नाही, हे ठरवले पाहिजे. शोषण पद्धतीचा फ्रिज संथ असतो. चालू केल्यानंतर पहिला गारवा जाणवायलाच तास-दीड तास लागू शकतो, आणि पूर्ण गार होण्यासाठी बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ जातो. म्हणून सकाळी प्रवासाला निघताना फ्रिज चालू करून त्यात बाजारातून आणलेल्या कोमट बाटल्या भरणाऱ्याला संध्याकाळी निराशाच पदरी येते. योग्य रीत अशी, की आदल्या रात्री फ्रिज रिकामा चालू करावा आणि घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार केलेले पदार्थ त्यात ठेवावेत. तपमान मोजताना दार उघडून हवेचा अंदाज घेण्यात अर्थ नसतो, कारण दार उघडताच थंड हवा खाली सांडते. मधल्या फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवावा आणि बारा तासांनी पाहावा. तेव्हा पाणी चार-पाच अंशांच्या आसपास असेल तर फ्रिज निर्दोष आहे.

त्यानंतरची परीक्षा सर्वांत उपयुक्त आहे, आणि तिला एकही हत्यार लागत नाही. कॅरॅव्हॅनमधला फ्रिज सामान्यतः तीन इंधनांवर चालतो: सिलिंडरमधला गॅस, मुक्कामाच्या तळावरच्या जोडणीतून मिळणारी २३० व्होल्टची वीज आणि मोटार चालू असताना तिच्याकडून मिळणारी १२ व्होल्टची वीज. या तिन्ही वाटा एकाच बॉयलरपाशी येऊन मिळतात. गॅसची ज्योत त्याला खालून तापवते, तर दोन विजांचे दोन निराळे हीटर त्याच्या शेजारच्या नळकांड्यांत बसवलेले असतात. त्यामुळे फ्रिज प्रत्येक इंधनावर स्वतंत्रपणे, पुरेसा वेळ देऊन चालवून पाहावा. गॅसवर उत्तम चालणारा फ्रिज २३० व्होल्टवर चालत नसेल, तर बंदिस्त संच शंभर टक्के ठीक आहे आणि दोष त्या हीटरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा स्विचमध्ये आहे, हे घरबसल्या सिद्ध होते. तिन्ही इंधनांवर फ्रिज सारखाच सुस्त असेल, तरच हवा, सपाटी आणि शेवटी नळ्या यांच्याकडे वळावे. नव्या फ्रिजच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती ही, की त्यांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण १२ व्होल्टवर चालते. कॅरॅव्हॅनची बॅटरी उतरलेली असेल तर भरलेला सिलिंडर असूनही गॅसची ज्योत पेटत नाही आणि दोष विनाकारण गॅसवर येतो.

तीन वाटांपैकी सर्वाधिक फसवी वाट १२ व्होल्टची आहे. बॉयलरचा १२ व्होल्टचा हीटर साधारण १२० वॉटचा धरला, तर त्याला दहा अँपियर विजेचा प्रवाह लागतो, आणि त्याचा विद्युतरोध अवघा १.२ ओहम असतो. मोटारीच्या बॅटरीपासून फ्रिजपर्यंत, प्लग आणि सॉकेट धरून, वायरीची एका दिशेची लांबी आठ मीटर आणि तांब्याच्या तारेची जाडी १.५ चौरस मिलिमीटर असेल, तर जाण्या-येण्याच्या सोळा मीटर तारेचाच रोध ०.१९ ओहमच्या घरात जातो. साधा हिशेब केला तर १२ व्होल्टपैकी दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो, हीटरपर्यंत १०.४ व्होल्ट पोहोचतात, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे १२० वॉटच्या जागी जेमतेम ९० वॉट मिळतात. एक चतुर्थांश उष्णता अशी कोणताही फ्यूज न उडता, कोणताही दिवा न विझता नाहीशी होते. त्यात गंजलेला सॉकेट, सैल झालेला अर्थचा स्क्रू किंवा काळवंडलेली रिले, म्हणजे इंजिन चालू असतानाच फ्रिजला वीज सोडणारा विजेवर चालणारा स्विच, यांची भर पडली की बॉयलर गरम लागतो, पण त्यात पुरेसे बुडबुडे उठत नाहीत. तपासण्याची रीत अशी, की इंजिन चालू ठेवून, फ्रिज १२ व्होल्टवर सुरू असताना, मल्टिमीटरच्या सळया फ्रिजच्याच जोडबिंदूंवर टेकवाव्यात. फ्रिज बंद असताना घेतलेले माप खोटे समाधान देते, कारण प्रवाह वाहत नसेल तर वाटेत दाब पडतच नाही. माप बारापेक्षा बरेच कमी आले, तर जाड वायर टाकणे हाच उपाय. हीटर बदलून काही साधत नाही. ज्या नव्या मोटारींचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मधूनमधून आपला दाब उतरवतो, त्यांच्या बाबतीत जाड वायरही पुरी पडत नाही आणि दाब स्थिर राखणारे वेगळे उपकरण मध्ये बसवावे लागते.

येथे १२ व्होल्टच्या वापराविषयी एक अपेक्षाभंग स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जुन्या फ्रिजमध्ये या वाटेवर थर्मोस्टॅट नसतो, आणि ही सोय मुळातच प्रवासात आधी आलेला गारवा टिकवण्यासाठी आहे, गरम फ्रिज गार करण्यासाठी नव्हे. मोटार थांबल्यावर फ्रिज बॅटरीवर चालवत ठेवला, तर शंभर अँपियर-तासांची बॅटरी कागदोपत्री दहा तासांत आणि व्यवहारात त्याच्या कितीतरी आधी उतरते. ती रिले इंजिनाबरोबर बंद होते ती याचसाठी.

तळावरच्या २३० व्होल्टच्या जोडणीत हाच नियम सौम्य रूपात लागू होतो. लांबलचक, गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनच्या टोकाला, शेजारच्या सगळ्या कॅरॅव्हॅनमध्ये एकाच वेळी किटल्या लागलेल्या असताना, दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला तर हीटरची उष्णता पुन्हा जवळजवळ पाऊण पटीवर येते. हीटरच जळाला आहे का, हे पाहण्यासाठी मुख्य वीज पूर्ण तोडून त्याच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. १२५ वॉटच्या हीटरचा रोध सुमारे ४२० ओहम यायला हवा, आणि मल्टिमीटर अनंत रोध दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे. हा भाग स्वस्त असतो आणि बदलण्यास सोपा असतो, परंतु तो नळकांड्यात पूर्ण खोलवर बसवला नाही आणि बाहेरचे उष्णतारोधक आवरण पूर्ववत केले नाही, तर नवा हीटरही अर्धे काम करतो.

गॅसवर फ्रिज नीट चालत नसेल, तर ज्योतीचा रंग पाहून बरेच काही कळते. स्थिर निळी ज्योत निरोगी. पिवळी, लवलवणारी ज्योत म्हणजे हवा अपुरी किंवा बर्नर घाण, आणि ती काजळीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायूही निर्माण करते, म्हणून तिच्याकडे केवळ फ्रिजचा दोष म्हणून पाहता येत नाही. बॉयलरमधून वर जाणाऱ्या धुराड्यात एक पिळदार धातूची पट्टी टांगलेली असते, जी गरम वायूंना गोल फिरवून त्यांची उष्णता बॉयलरला देते. वर्षानुवर्षे गंजलेल्या धुराड्याचे पापुद्रे सुटून खालच्या बर्नरवर पडतात, आणि हिवाळाभर उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनच्या बर्नरमध्ये कोळी जाळी विणून ठेवतात. वसंतात पहिल्याच सहलीला फ्रिज रुसतो त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. गॅस ज्या बारीक छिद्रातून बाहेर येतो त्या जेटमध्ये सुई घालून तो साफ करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण छिद्र केसभर मोठे झाले तरी हवा आणि गॅस यांचे प्रमाण बिघडते. ज्योत पेटते, पण बटण सोडताच विझते, अशी तक्रार असेल, तर थर्मोकपल पाहावे लागते. हा ज्योतीत बसवलेला छोटा धातूचा तुकडा तापल्यावर सूक्ष्म वीज निर्माण करतो आणि त्या विजेने गॅसची झडप उघडी राहते, त्यामुळे तो काजळला किंवा ज्योतीपासून सरकला की झडप आपोआप बंद होते.

गॅसच्या जातीचाही येथे विचार करावा लागतो. ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याखाली अर्धा अंश, तर प्रोपेनचा शून्याखाली ४२ अंश आहे; त्यामुळे थंडीच्या रात्री ब्युटेनचा सिलिंडर भरलेला असूनही त्यातून पुरेसा वायू येत नाही, आणि अशा ऋतूत प्रोपेनच वापरावा लागतो. युरोपातल्या अलीकडच्या कॅरॅव्हॅनमध्ये रेग्युलेटर गॅसचा दाब ३० मिलिबारवर आणून ठेवतो, जो महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरातल्या शेगडीला मिळणाऱ्या दाबाच्या जवळपासच आहे. जुन्या जर्मन गाड्यांमध्ये मात्र ५० मिलिबारची पद्धत होती, आणि एका दाबासाठी बनवलेला जेट दुसऱ्या दाबाच्या रेग्युलेटरला जोडला तर ज्योत कधीच नीट लागत नाही. गॅसच्या जोडण्या उघडणे, जेट बदलणे आणि गळती तपासणे ही कामे परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. लहानशा बंद खोलीत झोपणाऱ्या माणसांच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

तिन्ही वाटांनी उष्णता व्यवस्थित येत असूनही फ्रिज गार होत नसेल, तर पाणसळ बाहेर काढावी आणि ती फ्रिजच्या आत, बर्फकप्प्याच्या तळावर, आधी आडवी आणि मग पुढून मागे ठेवून पाहावी. बाष्पकातला द्रव अमोनिया अतिशय मंद उतारावरून वाहतो. कॅरॅव्हॅन एका अंगाला झुकून उभी असेल, तर तो नळीच्या खोलगट भागात साचतो, चक्र थांबते, आणि बॉयलर तापत राहतो पण त्याला पाणी परत मिळत नाही. सुमारे तीन अंशांपर्यंतचा कल बहुतेक फ्रिज सहन करतात, नव्या रचनेचे काही फ्रिज एका दिशेने त्याहून अधिक सहन करतात, परंतु जुन्या फ्रिजला जवळजवळ पूर्ण सपाटी लागते. रस्त्यावर धावताना कल सतत बदलत असल्याने द्रव एका जागी साचत नाही आणि काही बिघडत नाही. धोका आहे तो तिरप्या जागेवर रात्रभर उभे राहण्यात. तो केवळ त्या रात्रीपुरता नसतो. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून पाण्यात सोडियम क्रोमेट मिसळलेले असते. कोरड्या पडलेल्या बॉयलरमध्ये ते अतितापाने घट्ट होऊन अरुंद नळीत अडकते, आणि ही अडचण नंतर कॅरॅव्हॅन कितीही सपाट केली तरी दूर होत नाही.

उरतो हवेचा प्रश्न, आणि उन्हाळ्यातल्या तक्रारींपैकी फार मोठा भाग याच प्रश्नाशी येऊन थांबतो. फ्रिज आतली जेवढी उष्णता खेचतो तेवढीच नव्हे, तर बॉयलरला दिलेली सगळी उष्णताही अखेर संघनक आणि शोषक यांच्यामार्फत मागच्या पोकळीतल्या हवेत सोडली जाते. त्या पोकळीला कॅरॅव्हॅनच्या बाहेरच्या भिंतीत दोन जाळ्या असतात, एक शोषकाच्या खाली आणि दुसरी संघनकाच्या वर. तापलेली हवा वरून निघून जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा अनेक कॅरॅव्हॅनमध्ये कारखान्यातूनच फोल ठरलेली असते. फ्रिजची पाठ आणि बाहेरची भिंत यांमधली पोकळी गरजेपेक्षा रुंद असेल, तर हवा नळ्यांना स्पर्श न करता भिंतीलगतच्या सोप्या वाटेने वर जाते. वरची जाळी संघनकाच्या माथ्यापेक्षा खाली बसवली असेल, तर सर्वांत गरम हवा जाळीच्या वर, नेमकी संघनकाभोवती, कोंडून राहते. यावरचा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. पत्र्याची पट्टी वाकवून भिंतीला अशी लावावी की वर येणारी हवा संघनकाच्या पंखांमधूनच जावी, फ्रिजच्या माथ्यावरची मोकळी जागा पत्र्यानेच बंद करून हवेला जाळीकडे वळवावे, आणि एवढ्याने भागले नाही तर वरच्या जाळीमागे १२ व्होल्टचा लहान पंखा बसवावा. ज्योतीच्या आणि धुराड्याच्या जवळ जळू शकेल असे काहीही वापरू नये, आणि धुराड्याचे बाहेरचे तोंड कोणत्याही कारणाने झाकले जाऊ नये, ही अट त्यात अनुस्यूत आहे.

जाळ्या झाकल्या जाण्याचे प्रकारही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी या जाळ्यांवर प्लॅस्टिकची झाकणे लावतात, आणि ती काढण्याचा विसर पडलेली कॅरॅव्हॅन जुलैत स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर उभी असते. काही गाड्यांमध्ये प्रवेशाचे दार पूर्ण उघडून भिंतीला टेकवले की ते वरच्या जाळीवरच येते. काहींमध्ये तंबूचा कापडी पडदा जाळीसमोर ताणलेला असतो. शिवाय ज्या भिंतीत जाळ्या आहेत ती भिंत दुपारच्या उन्हात आली, तर आत शिरणारी हवाच तापलेली असते. म्हणून ती बाजू उत्तर गोलार्धात उत्तरेकडे आणि ऑस्ट्रेलियात दक्षिणेकडे ठेवावी.

या सर्व काळजीनंतरही एक मर्यादा उरते. फ्रिजच्या आतल्या पाटीवर हवामान-वर्गाची खूण असते: एन हा वर्ग ३२ अंश सेल्सिअसपर्यंतच्या, एसटी हा ३८ पर्यंतच्या आणि टी हा ४३ पर्यंतच्या बाहेरच्या तपमानासाठी असतो. एन वर्गाचा फ्रिज ४० अंशांत दहा अंशांवर अडकून बसला तर तो बिघडलेला नाही, त्याच्याकडून त्याच्या घडणीबाहेरचे काम मागितले जात आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून अशा गाड्यांकडे येथेही लक्ष वळले आहे, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे पाहता, ताडोबाकडे न्यावयाच्या गाडीत शोषण पद्धतीचा फ्रिज बसवण्याआधी ती पाटी वाचणे अगत्याचे आहे.

आतल्या बाजूचे दोष किरकोळ असले तरी फसवे असतात. दाराचे रबर सैल झाले आहे का, हे कागदाची पट्टी दारात धरून आणि ती ओढून कळते; विनासायास सुटली तर रबर बदलावे. बाष्पकाच्या पंखांवर बसवलेले तपमानाचे संवेदक क्लिपमधून निसटले, तर थर्मोस्टॅटला भलतेच तपमान कळते आणि तो चुकीच्या वेळी उष्णता बंद करतो. अनेक कॅरॅव्हॅन फ्रिजच्या दाराच्या कडीला दोन खाचा असतात, एक दार घट्ट लावण्याची आणि दुसरी, गाडी महिनोन्महिने उभी असताना आत बुरशी येऊ नये म्हणून, दार बोटभर उघडे ठेवण्याची. दुसऱ्या खाचेत अडकलेली कडी लावल्यासारखीच दिसते, आणि त्या बोटभर फटीतून रात्रभर गारवा वाहून जातो.

हे सगळे पाहून झाल्यावर बंदिस्त संचाची वेळ येते. मागची जाळी काढून, फ्रिज काही तास चालल्यावर, हात सांभाळून नळ्या चाचपाव्यात: चालत्या संचात संघनक आणि शोषकाची वेटोळी दोन्ही गरम लागतात, तर बॉयलर कढत आणि शोषक थंडगार असेल तर आतले अभिसरण थांबले आहे. अमोनियाचा झोंबणारा वास किंवा नळ्यांवर पिवळसर पूड दिसली, तर संच फुटला आहे; पिवळी पूड म्हणजे बाहेर आलेले सोडियम क्रोमेट. ते विषारी असते, अमोनिया डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो आणि हायड्रोजन ज्वालाग्राही असतो, म्हणून ज्योत आणि वीज ताबडतोब बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि त्या पुडीला हात लावू नये. असा संच घरी दुरुस्त होत नाही.

अभिसरण थांबलेला, पण न फुटलेला फ्रिज काढून काही तास उलटा ठेवावा आणि मग पुन्हा सरळ करून एक दिवस स्थिर राहू द्यावा, हा जुना उपाय कॅरॅव्हॅनवाल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तो भाकडकथा नाही. भलत्या जागी साचलेला द्रव आणि अडकलेला वायू उलथापालथीने मूळ जागी परतू शकतो, आणि बराच काळ न वापरलेल्या फ्रिजला त्याने कधीकधी जाग येते. परंतु क्रोमेट अडकून बंद झालेली नळी त्याने उघडेलच असे नाही, आणि उघडली तरी ज्या तिरपेपणाने किंवा अतितापाने ती बंद पडली तो दोष तसाच राहिला असेल, तर ती पुन्हा बंद पडते. फ्रिज बाहेर काढताना गॅसची नळी सोडवावी लागते, त्यामुळे हा प्रयोगही तंत्रज्ञाच्या हजेरीतच व्हावा.

संच खरोखरच संपला असेल, तर नवा शोषण संच बसवायचा की १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज घ्यायचा, हे मुक्कामाच्या पद्धतीवर ठरते. कॉम्प्रेसरचा फ्रिज झुकलेल्या गाडीतही चालतो, कडक उन्हातही गार करतो आणि शोषण फ्रिजच्या मानाने वीज फारच कमी घेतो, परंतु तो थोडा आवाज करतो आणि त्याला भरवशाची बॅटरी, बहुधा छतावरच्या सौर पट्ट्यांसह, लागते. दिवसचे दिवस वीज नसलेल्या जागी, सावलीत आणि थंड हवेत राहणाऱ्यांसाठी एका लहान सिलिंडरवर आठवडे काढणारा शोषण फ्रिज आजही अधिक सोयीचा आहे. बदल कॉम्प्रेसरकडे केला, तर जुनी गॅसची नळी रीतसर बूच लावून बंद करून घ्यावी आणि भिंतीतले धुराड्याचे छिद्र बुजवावे. जाळ्या मात्र तशाच ठेवाव्यात, कारण उष्णता बाहेर टाकण्याची गरज नव्या फ्रिजलाही असते.